ग्रॅव्हिटी बाराशे चाळीस

चिंचवड स्टेशनात लोकल थांबली की तुम्हाला उतरावं लागत नाही. गर्दीच तुम्हाला फलाटावर आणून सोडते. कुणाचा तरी जेवणाचा डबा तुमच्या बरगडीत, कुणाचा तरी पाय तुमच्या चपलेवर. साल १९७९. खिशात मोबाईल चाचपू नका, तो यायला अजून बराच अवकाश आहे. वर्षभरापूर्वीच सुरू झालेली ही लोणावळा लोकल पहिल्या पाळीची माणसं ओतून पुढे गेलीय आणि बाहेर सायकलींचा लोंढा लागलाय. घंट्यांचा नुसता कलकलाट. कुणी बजाजला, कुणी टेल्कोला. तुम्ही चला क्लोराइड इंडियाला. मँचेस्टरच्या क्लोराइडची ही इथली कंपनी. पहिला कारखाना बंगालमधल्या श्यामनगरचा, दुसरा १९६९ मध्ये इथे आला. बॅटरीवर नाव मात्र एक्साइड.

भोंगा झाला. आत या, भट्टीपाशी.

शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि भट्टी त्याहून बरीच जास्त तापलेली असते. आधी तोंडावर धग येते, मग पापण्या कोरड्या पडतात, मग घाम सुटतो. वितळलेलं शिसं वरून चांदीसारखं लखलखतं, पण क्षणात त्यावर करडी साय धरते. ती बाजूला सारून साच्यात धार सोडतात. साच्याला आतून बुचाच्या भुकटीचा हात दिलेला असतो, म्हणजे शिसं चिकटत नाही, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पोचतं. साचा उघडला की हातात येते ती जाळी. निव्वळ शिशाची जाळी हातात वाकेल, म्हणून त्यात अँटिमनी मिसळतात. हे अँटिमनी लक्षात ठेवा, संध्याकाळी त्याची गाठ पडणार आहे.

पुढे त्या जाळीत शिशाच्या ऑक्साइडचा लगदा भरतात. मग लगदा भरलेल्या पाट्या (इथे त्यांना प्लेटाच म्हणतात) सौम्य ॲसिडात उभ्या करून वीज सोडतात. इथे मात्र तोंडावर रुमाल धरा. ॲसिडात बुडबुडे फुटतात, त्यांचं धुकं घशात जातं, डोळे चुरचुरतात आणि थोड्या वेळात दात आंबतात, चिंच न खाता. इतक्या उकाड्यात शेजारच्या गड्याच्या अंगात लोकरीचं कापड कशाला, असं तुम्हाला वाटेल. सुती सदरा ॲसिडाच्या थेंबापुढे टिकत नाही, लोकर टिकते. तोवर टाकीतल्या निम्म्या प्लेटा चॉकलेटी झालेल्या असतात, निम्म्या करड्या. चॉकलेटी त्या धन, करड्या त्या ऋण.

जेवणाची सुट्टी झाली. थांबा, डबा उघडू नका. आधी हात, नखं, तोंड साबणानं घासा. शिशाची धूळ दिसत नाही, भाकरीबरोबर पोटात जाते आणि रक्तात साठत राहते. या धंद्यातला जाणता माणूस पाळी संपल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरच्या पोराला कडेवर घेत नाही. गाडीचा सेल्फ मारताना आपल्याला हा माणूस आठवत नाही, आणि मला ते लागतं. आपली सगळी वर्दळ ज्या डब्याच्या जोरावर सुरू होते, तो डबा कुणीतरी श्वास जपत, नखं घासत घडवलेला असतो.

संध्याकाळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर या. बॅटरीचा धंदा इथेच कळतो. नव्या गाडीबरोबर बॅटरी जाते ती गाडीवाल्या कंपनीला घासाघीस करून दिलेल्या भावात. नफ्याची बॅटरी ती, जी दोन-तीन वर्षांनी मालक स्वतः दुकानात येऊन घेतो. म्हणून कारखान्याइतकंच महत्त्व या दहा बाय दहाच्या टपरीला. जमिनीवर ओळीनं बॅटऱ्या मांडल्यात, चार्जर घुमतोय, ॲसिडाचा आंबूस वास आणि तापलेल्या डांबराचा उग्र वास एकात एक. बिडी विझवा! चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, एक ठिणगी पुरते.

ट्रक येतो. इंजिन बंद न करताच ड्रायव्हर उडी मारतो.

"मिस्त्री, सेल्फच घेत नाही. रात्री उतारावर लावली म्हणून सकाळी निघालो."

दोघं मिळून बॅटरी खाली घेतात; तुम्हीही हात लावा, म्हणजे शिसं म्हणजे काय ते कंबरेला कळेल. टर्मिनलवर पांढरा खार फुललाय. मिस्त्री त्यावर कढत पाणी ओततो, सहाही बुचं काढतो आणि काचेच्या नळीनं एकेका घरातलं ॲसिड ओढून त्याची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, बघतो. भरलेली बॅटरी बाराशे चाळीस दाखवते. पाच घरं बाराशेच्या आसपास, चौथं अकराशेच्याही खाली. मग तो दोन टोकांचा टेस्टर चौथ्या घराच्या शिशाच्या पट्ट्यांवर दाबतो. काटा कोसळतो, ॲसिड खदखदतं.

"सेल मेलाय, दादा. पाणी कधी बघितलं होतं?"

ड्रायव्हर ट्रककडे बघतो.

पाणी आटतं ते बऱ्याच अंशी त्या अँटिमनीमुळे. मिस्त्री फुंकर मारून घरातला वायू घालवतो, ज्योतीनं डांबर मऊ करतो, पट्टी कापतो आणि पकडीनं अख्खा प्लेटांचा गठ्ठा वर ओढतो. वाकून बघा. प्लेटांमधला पडदा फाटलाय, तळाशी चॉकलेटी गाळ साचलाय. त्या गाळानंच धन-ऋण भिडले. दुरुस्ती म्हणजे आता नवा गठ्ठा घालायचा, शिशाचा डाग द्यायचा, वर पुन्हा डांबर.

पुढे बंद प्लॅस्टिकचे डबे येतील. पट्ट्या भिंतीतून आत जातील, अँटिमनीची जागा कॅल्शियम घेईल, पाणी बघायची गरज जवळजवळ उरणार नाही. कंपनीही १९९५ मध्ये एक्साइड इंडस्ट्रीज हे नाव घेईल. हे सगळं चांगल्यासाठीच, याबद्दल मला शंका नाही. फक्त ड्रायव्हरला आणि मिस्त्रीला एकाच वेळी वाकून मेलेलं घर बघता येत होतं, ती सोय गेली. आता डब्याचा निकाल यंत्र देतं आणि आपण पैसे देतो.

तिकडे घासाघीस सुरू झालीय. ड्रायव्हरला वाटतंय, दुरुस्तीपेक्षा नवीच घ्यावी. मिस्त्री जुनीला हात लावून वजनाचा अंदाज घेतो. अर्ध्याहून जास्त वजन शिशाचंच, ते पुन्हा भट्टीत जाणार, त्यामुळे मेलेल्या बॅटरीलाही भाव आहे.

"जुनीचे किती धरता?"

"ॲसिड ओतून मग तोलू."

"ॲसिडासकट तोला की, मिस्त्री! विकताना तुम्ही ॲसिडाचे पैसे घेताच ना?"

मिस्त्री हसतो आणि ओरडून पोऱ्याला तराजू आणायला सांगतो.