घडीतली माहिती, सपाट तक्ते

अपोलो मोहिमेच्या यानाला आणि अग्निबाणाला मिळून लाखो सुटे भाग लागत. कोणता भाग कोणत्या जुळणीत बसतो याची नोंद ठेवण्यासाठी आयबीएमने १९६६ मध्ये, रॉकवेल आणि कॅटरपिलर यांच्या साहाय्याने, आयएमएस ही प्रणाली रचायला घेतली. १९६८ मध्ये ती कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिच्यातील मांडणी झाडासारखी होती. खोडाकडून पानाकडे जाणे सोपे. पण एखादा बोल्ट कुठे कुठे वापरला आहे असे उलट विचारले, की आज्ञावली लिहिणाऱ्याची तारांबळ उडे. वाट त्यालाच शोधावी लागे.

आयबीएममधीलच गणितज्ञ एडगर कॉड यांनी जून १९७० च्या आपल्या लेखात एका कर्मचाऱ्याची नोंद उदाहरणादाखल घेतली. तिच्या पोटात त्याच्या पदांचा इतिहास, त्याच्याही पोटात पगाराचा इतिहास, शिवाय मुलांची यादी. कॉड यांनी ही घडी उलगडून चार सपाट तक्ते केले आणि प्रत्येकात कर्मचाऱ्याचा क्रमांक घातला. आपल्या शाळेत जनरल रजिस्टरचा क्रमांक हेच काम करतो! तक्ते कसे जोडायचे ही वाट आता संगणकाने शोधायची होती. आमच्या मते लेखाचे खरे मोल यात आहे.

पुढे वस्तुनिष्ठ आज्ञावल्या रुळल्या आणि घड्या परत आल्या: वर्गात विद्यार्थी, विद्यार्थ्यात गुण. डेटाबेस मात्र सपाटच. या दोहोंत दुभाष्याचे काम करणारी सॉफ्टवेअर, म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, १९९० च्या दशकात पुढे आली. गॅव्हिन किंग यांचे हायबरनेट २००१ चे.

दुभाषा सोयीचा खरा, पण खर्च झाकतो. वर्गात ४० विद्यार्थी, प्रत्येकाचे ६ विषय, प्रत्येकाकडे वाचनालयाची ५ पुस्तके आहेत असे समजू. नुसते गुण हवे असले, तरी हायबरनेट एरवी यादीसाठी एक प्रश्न विचारते आणि मग प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक: एकूण ४१. पुस्तकांसह ८१. सगळे तक्ते एकदम जोडले तर प्रश्न एकच, पण प्रत्येक विषयाची जोडी प्रत्येक पुस्तकाशी लागून ओळी येतात ४० × ६ × ५, म्हणजे १२००. तिन्ही तक्ते क्रमांकांच्या यादीने वेगवेगळे विचारले, तर प्रश्न तीन आणि ओळी ४० + २४० + २००, म्हणजे ४८०. यांतला कोणता मार्ग घ्यायचा, हे आज्ञावली लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.