औषधांच्या दुकानातले दही

१९०५ साली जिनिव्हात स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या मुलखातल्या दह्यातला जिवाणू शोधला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह तर दह्याचे प्रचारकच. मोठ्या आतड्यात अन्न कुजून विषे बनतात आणि माणूस म्हातारा होतो, असा त्यांचा सिद्धान्त; दह्यातले जिवाणू हे कुजणे रोखून आयुष्य वाढवतात, असा दावा. १९१९ मध्ये बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी दही विकायला काढले, तेही चक्क औषधांच्या दुकानांतून!

मेचनिकोव्ह स्वतः ७१व्या वर्षी गेले. दीर्घायुष्याचा दावा फुगवलेलाच होता.

विषांची गोष्ट मात्र अगदीच पोकळ नव्हती. आतड्यातले जिवाणू प्रथिनांपासून इंडॉल, पी-क्रेसॉल अशी द्रव्ये बनवतात. त्यांची पुढची रूपे मूत्रपिंडे बाहेर टाकतात. मधुमेहाने मूत्रपिंडे थकली की ही रूपे रक्तात साचतात. इराणमधल्या इस्फहानात अशा रुग्णांना आठ आठवडे प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणू घातलेले, सोया दूध देऊन पाहिले गेले. पण रुग्ण थोडेच होते, त्यामुळे त्यावरून ठाम काही सांगता येत नाही.