आधी चक्की, मग मोजदाद

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर राहणाऱ्या एका सरड्याला २०१६ साली शास्त्रीय नाव मिळाले: सरडा सुपर्बा. नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि केशरी असा मोठा पंखा असतो. उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत, दगडावर चढून तो हा पंखा फुलवतो आणि मादीला बोलावतो. इतका रंगेल आणि इतका उघड्यावर वावरणारा प्राणी वेगळ्या जातीचा आहे हे विज्ञानाच्या दप्तरी लागले, तोवर त्याच पठारावर पवनचक्क्या फिरू लागून पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. या क्रमाकडे योगायोग म्हणून पाहता येणार नाही. पवनऊर्जेचा आणि सागरी ऊर्जेचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास चाळला तर वन्यजीवांचे नुकसान यंत्राच्या जातीपेक्षा या क्रमावर अधिक ठरले आहे असे दिसते. वारा किंवा भरती आधी मोजली गेली आणि तिथे राहणारे जीव मोजायला माणसे मागाहून गेली.

चाळकेवाडी आणि शेजारचे वनकुसवडे ही पठारे कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पूर्वेकडच्या रांगांवर आहेत. १९६०च्या दशकात खालच्या खोऱ्यात धरण झाले, गावे उठली आणि पाण्यापासून वीज निघू लागली. वरच्या कातळावर मात्र पुढची तीसेक वर्षे कुणाची नजर गेली नाही. भारतात पवनऊर्जेचे पहिले प्रायोगिक प्रकल्प १९८६मध्ये उभे राहिले, तेही किनाऱ्यावर: गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरिन आणि आपल्याकडे रत्नागिरी. ही यंत्रे ५५ किलोवॅटची, आजच्या मानाने खेळण्यातली. डोंगरावर पवनचक्क्या चढल्या त्या १९९०च्या दशकाच्या शेवटी, आणि त्यांना वर चढवण्यात वाऱ्याइतकाच हात आयकराचा होता. यंत्राची जवळजवळ सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवता येई. त्यामुळे विजेशी काडीचा संबंध नसलेल्या उद्योगांनीही पवनचक्क्या विकत घेतल्या. जमीन स्वस्त होती, कारण महसुली नजरेला कातळ म्हणजे पोटखराबा. नांगर लागत नाही, झाड वाढत नाही, म्हणजे तिथे काही नाही, असा सरळ हिशेब होता. रस्ते कापले गेले, चौथरे ओतले गेले आणि काही वर्षांतच सड्यावर शेकडो मनोरे उभे राहिले.

तिथे काय होते ते पाहायचे तर पावसाळ्यात जावे लागते. जांभ्याच्या खळग्यांत पाणी साठते, बोटभर मातीच्या थरावर सीतेची आसवं आणि दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती फुलतात, गवत उठते. दिवाळीनंतर सगळे वाळते आणि मार्चपर्यंत उरते ती तापलेली खडकाळ जमीन, तिच्यावर सरडे आणि आकाशात त्यांच्यावर डोळा ठेवून फिरणारे तीसा, कापशीसारखे शिकारी पक्षी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी याच साखळीवर काम केले. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पवनचक्क्यांचे पठार आणि शेजारचा पवनचक्क्या नसलेला तसाच भाग यांची तुलना आहे. यंत्रांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी, तर सरडे कितीतरी जास्त. पण हे सरडेही वेगळे वागत होते. माणूस चालत जवळ आला तरी ते फार उशिरा पळत. पकडून ठेवल्यावर त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी चढे. गर्दी वाढून खाण्याची वाटणी झाल्याने त्यांची अंगकाठी उतरलेली होती आणि नरांच्या गळ्यातले रंगही फिके पडलेले. ससाण्याने करायचे काम पात्यांनी केले होते, फक्त उलट दिशेने. पात्यांनी सरडे मारले नाहीत, सरड्यांना मारणारे हटवले. मनोऱ्याखाली पडलेले मृत पक्षी मोजून हा परिणाम कधीच कळला नसता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दोन जागांची तुलना म्हणजे आधी आणि नंतरची तुलना नव्हे. कदाचित त्या भागात शिकारी पक्षी पूर्वीपासूनच कमी असतील, कदाचित रस्त्यांनी आणि वर्दळीने ते गेले असतील. अभ्यासकांनी दोन्ही बाजूंची जमीन आणि झाडोरा शक्य तितका सारखा निवडला, त्यामुळे हा आक्षेप बराच सौम्य होतो, पण पुरता संपत नाही. तो संपवण्याचा एकच मार्ग होता: पहिला मनोरा उभा राहण्यापूर्वी वर्षभर पठारावर बसून मोजणे. ते झाले नाही. म्हणजे पुराव्यातली ही त्रुटी संशोधकांच्या पदरात टाकता येत नाही, ती प्रकल्पाच्या जन्मातच आहे. नोंद नसली की तिची जागा अफवा घेते, हाही याच भागाचा अनुभव. दुष्काळी वर्षांत सांगली-साताऱ्याकडे पवनचक्क्या ढग पळवतात अशी हाकाटी उठली होती. त्या समजाला आधार नव्हता. पण ज्यांच्या माथ्यावर यंत्रे उभी केली त्यांना कुणी काही मोजून दाखवलेले नव्हते, मग त्यांनी आपल्या डोळ्यांना दिसले ते खरे धरले, यात नवल नाही.

हा अनर्थ काही साताऱ्याचा खास नाही. कॅलिफोर्नियातील आल्टामाँट खिंडीत १९८०च्या दशकात, तिथेही करसवलतीच्याच जोरावर, हजारो लहान यंत्रे उभी राहिली. खिंडीतल्या गवताळ टेकड्यांत जमिनीत बिळे करणाऱ्या खारी अमाप, आणि त्यांच्यामागे सोनेरी गरुड. जाळीदार मनोरे गरुडांना बसायला सोयीचे, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी उकरलेली माती बिळांना सोयीची. शिकार, बैठक आणि पाते एकाच ठिकाणी आले. पुढे केलेल्या एका अंदाजानुसार तिथे वर्षाला ६० हून अधिक सोनेरी गरुड मरत होते. पक्षिप्रेमी संघटना कोर्टात गेल्या, २००७मध्ये तडजोड झाली, हिवाळ्यात यंत्रे बंद ठेवून पाहिली, धोक्याची यंत्रे काढली. शेवटी जुन्यांच्या जागी थोडी पण मोठी यंत्रे बसवायला सुरुवात झाली. गरुड कुठून उडतात हे शोधायला पंचवीस वर्षे आणि बरेच वकील लागले. खिंडीत शिरण्यापूर्वी दोन हिवाळे मोजले असते तर वाईट जागा नकाशावरच खोडता आल्या असत्या.

समुद्राने हीच गोष्ट आधीच दाखवून दिली होती. फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखावरचा २४० मेगावॅटचा भरती-ओहोटीचा प्रकल्प १९६६मध्ये सुरू झाला. बांधकाम सोपे व्हावे म्हणून जवळजवळ तीन वर्षे खाडीचे तोंडच बंद ठेवले होते. भरतीचे पाणी आत येईना, खारेपणा घसरला, गाळ बसला आणि खाडीतले बहुतेक सागरी जीवन मेले. नंतर ते परतले, पण दहाएक वर्षांनी, आणि जुन्या रूपात नाही. डेन्मार्कने याउलट केले. हॉर्न्स रेव्ह आणि न्यूस्टेड ही मोठी सागरी पवनक्षेत्रे २००२-०३मध्ये उभी राहिली. त्यांच्याभोवतीचे निरीक्षण मात्र १९९९पासून सुरू होते. त्यामुळे रडारवर आधीचे आणि नंतरचे उड्डाणमार्ग एकमेकांवर ठेवता आले. न्यूस्टेडजवळून स्थलांतर करणारी बदके यंत्रांचा समूह टाळून वळसा घेतात, आणि धडक होईल इतक्या जवळून जाणारी १ टक्क्यापेक्षाही कमी, हे ठामपणे म्हणता आले. त्याच नोंदींनी उलटी बातमीही दिली. न्यूस्टेडमधली लहान डॉल्फिनसारखी दिसणारी पॉर्पॉइझ बांधकामानंतर घटली आणि दशकभरानंतरही पूर्वीच्या संख्येने परतली नव्हती. मोजणीमुळे प्रकल्प अडतो असे जे म्हणतात त्यांनी ही उदाहरणे पाहावीत. डेन्मार्कमध्ये मोजणीने काही अडले नाही. कशाची काळजी करायची आणि कशाची नाही, एवढे कळले.

सर्वांत जोरकस आक्षेप वेगळाच आहे. मांजरे, काचेच्या इमारती आणि रस्ते पवनचक्क्यांच्या कितीतरी पट पक्षी मारतात. कोळसा हवा बिघडवतो, डोंगर खणतो आणि तापमान वाढवून साऱ्याच जीवांची मुळे हलवतो. मग चार गिधाडांसाठी पवनऊर्जेला का रोखायचे? आकडे खरे आहेत, बेरीज चुकीची आहे. मांजर चिमणी मारते, पाते गरुड मारते. चिमणी वर्षात अनेक पिल्ले काढते, गरुडाची जोडी एखादे-दुसरेच वाढवते, आणि ते वयात यायला काही वर्षे जातात. त्यांच्यातले दर वर्षीचे थोडे मृत्यूही भरून येत नाहीत. शिवाय रोखायचे की नाही हा वादच मुळात बनावट आहे. स्पेनमध्ये तारिफाजवळ गिधाडे जवळ आल्यावर फक्त तेवढीच यंत्रे थोडा वेळ थांबवली, तर गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि वीज घटली ती वर्षाकाठी ०.०७ टक्के. नॉर्वेत स्मोला बेटावर चार यंत्रांचे एकेक पाते काळे रंगवले आणि तिथले पक्षिमृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. चार यंत्रांचा प्रयोग लहान, त्याच्यावर फार भार टाकू नये. पण अशा उपायांना आधी कुठे कोण मरते ते माहीत असावे लागते, आणि भारतात नेमके तेच माहीत करून घेण्याची सक्ती नाही. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनासाठी २००६मध्ये जी अधिसूचना निघाली, तिच्या यादीत पवनऊर्जा नाहीच. राजस्थानात माळढोकाच्या मुलखातल्या उच्चदाब तारांचा प्रश्नही पर्यावरण खात्याच्या टेबलावर सुटला नाही, तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, २०२१मध्ये तिथून आदेश निघाला, आणि २०२४मध्ये न्यायालयाला आपलाच आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही, जड शरीर ऐनवेळी वळत नाही. तार ओढण्यापूर्वी हे कुणाही पक्षितज्ज्ञाने सांगितले असते.

साताऱ्याच्या पठारावरची जुनी यंत्रे आता वयाला आली आहेत. केंद्राने २०२३च्या डिसेंबरात जुन्या, लहान पवनचक्क्यांच्या जागी मोठी यंत्रे बसवण्याचे धोरण जाहीर केले आहे. आल्टामाँटमध्ये हीच अदलाबदल झाली तेव्हा गरुडांना दिलासा मिळाला, पण उंच पात्यांनी वटवाघळांचे मृत्यू वाढवले, म्हणजे नव्या यंत्राचा हिशेबही नव्यानेच मांडावा लागतो. इथे एक संधी आहे, जी १९९०च्या दशकात हातची गेली होती. जुने मनोरे उतरवल्यावर आणि नवे चढण्यापूर्वी पठाराचा एखादा भाग काही काळ रिकामा राहील. तेवढ्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा मिळवता आला, तर तीसा आणि कापशी परततात का, सरडे पुन्हा लवकर पळू लागतात का, आणि पुढच्या विणीत नरांच्या गळ्यातला रंग गडद होतो का, हे चाळकेवाडीत पहिल्यांदाच, नवा चौथरा ओतण्याआधी, पाहता येईल.