अमेरिकाज मोस्ट वाँटेड

अमेरिकन रॅपगायक आइस क्यूब (मूळ नाव ओशे जॅक्सन, जन्म १५ जून १९६९, लॉस अँजेलिस) यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका. प्रायॉरिटी रेकॉर्ड्स या कंपनीने ती मे १९९० मध्ये प्रसिद्ध केली. शीर्षकातील देशनामाच्या रोमन वर्णलेखनात घातलेले तीन 'के' कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेकडे निर्देश करतात.

पार्श्वभूमी : एन. डब्ल्यू. ए. या कॉम्प्टनमधील संचाच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या मुद्रिकेतील, तसेच सहकारी ईझी-ई यांच्या 'ईझी-डझ-इट' मधील पदरचनेचा बराच भाग क्यूब यांच्या लेखणीतून उतरला होता. विक्रीच्या मानाने आपल्या पदरी पडलेला मोबदला तुटपुंजा आहे अशी तक्रार करून, आणि व्यवस्थापक जेरी हेलर यांनी पुढे केलेल्या करारनाम्यावर सही करण्याचे नाकारून, १९८९ च्या अखेरीस ते संचातून बाहेर पडले. गैरव्यवहाराचा आरोप हेलर यांनी पुढे आपल्या आत्मकथनात फेटाळला. क्यूब यांनी हेलर यांच्याविरुद्ध केलेली फिर्याद न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटली.

निर्मिती : संचातील सहकारी डॉ. ड्रे यांच्याकडून वाद्ययोजना करून घेण्याचा क्यूब यांचा मूळ बेत फुटीमुळे निष्फळ ठरला, आणि त्यांनी न्यूयॉर्क गाठून पब्लिक एनिमी या संचाचे निर्मातेमंडळ असलेल्या 'बॉम्ब स्क्वॉड' चे साहाय्य घेतले. हँक शॉकली, कीथ शॉकली, एरिक सॅडलर आणि चक डी ही त्यातील प्रमुख नावे. लॉस अँजेलिसहून सोबत आलेले सर जिंक्स हे सहनिर्माते होते. जुन्या फंक आणि सोल मुद्रिकांतील ताल, किंकाळी, भाषण, फुंकवाद्य किंवा गिटारीचा एखादा क्षणमात्र तुकडा उचलून, त्याची आवर्तने करून, आणि स्वरमेळाची फिकीर न बाळगता असे कित्येक तुकडे एकमेकांवर रचून रस्त्यावरील गोंगाटासारखा घनदाट नाद उभा करणे, ही या मंडळाची रीत होती. कॅलिफोर्नियाच्या कथनपर, संथ उच्चारशैलीला न्यूयॉर्कच्या या दाट नादविन्यासाची जोड मिळाली, हेच प्रस्तुत मुद्रिकेचे ऐतिहासिक महत्त्व असून तिच्या बोलांतील दाहकता, जिची चर्चा अधिक झाली, तिला या रचनेवाचून इतकी धार आली नसती. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने बिझ मार्की या रॅपगायकाविरुद्धच्या दाव्यात अनुमतीवाचून उचललेला तुकडा बेकायदा ठरवला आणि प्रत्येक अंशाची परवानगी व तिचे मोल हा निर्मितीखर्चाचाच भाग होऊन बसला. तेव्हा इतक्या मुक्तहस्ताने रचलेल्या मुद्रिकांचा काळ फार थोडा होता आणि ही त्याच्या अखेरच्या टप्प्यातील आहे, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

आशय : प्रारंभी मृत्युदंडाकडे नेल्या जाणाऱ्या कैद्याचा प्रसंग येतो. पोलिसांचा जाच, दारिद्र्य, टोळ्यांतील हत्या आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताकडे पाठ फिरवणारी नभोवाणी हे पुढील विषय होत. चक डी यांच्यासह गायिलेले 'एंडेंजर्ड स्पीशीज' हे कृष्णवर्णीय तरुणाच्या मृत्यूविषयीच्या सरकारी उदासीनतेवरील पद सर्वांत सुसंघटित आहे. 'यू कान्ट फेड मी' मधील गर्भवती स्त्रीविषयीची हिंसक भाषा मात्र निंद्य असून, 'इट्स अ मॅन्स वर्ल्ड' मध्ये यो-यो या गायिकेने दिलेल्या सडेतोड उत्तराने तिचे परिमार्जन झाले असे मानता येत नाही.

स्वीकार : बिलबोर्ड नियतकालिकाच्या मुख्य सूचीत १९ वे स्थान, त्याच वर्षी प्लॅटिनम प्रमाणपत्र.

उत्तरकाळ : एन. डब्ल्यू. ए. च्या उरलेल्या संचाने १९९० च्या 'हंड्रेड माइल्स अँड रनिन' मध्ये क्यूब यांची संभावना अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील फितूर सेनानी बेनेडिक्ट अर्नल्ड याच्या नावाने केली. क्यूब यांचे उत्तर ऑक्टोबर १९९१ च्या 'डेथ सर्टिफिकेट' मधील 'नो व्हॅसलिन' या पदात आले, ज्यातील हेलर यांच्यासंबंधीचा ज्यूविरोधी मजकूर टीकेचा विषय झाला. या दुसऱ्या मुद्रिकेची निर्मिती सर जिंक्स आणि बूगीमेन या निर्मातेसंचाने केली. संपूर्ण मुद्रिकेसाठी बॉम्ब स्क्वॉडशी असा संयोग क्यूब यांनी त्यानंतर केला नाही.