बॉडमिनचे श्वापद आणि एक कवटी

अठराव्या शतकातली गोष्ट. इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या एका मुलाने वेव्हर्लीच्या पडक्या मठाजवळ एक मांजर पाहिले. मध्यम आकाराच्या कुत्र्याएवढे ते मांजर एका पोकळ एल्म वृक्षात शिरले. मुलाने घरी येऊन हे सांगितले, तेव्हा त्याला बोलणी खावी लागली. तो आपले म्हणणे मागे घेईना, म्हणून मारही बसला. हा मुलगा म्हणजे पुढे नावारूपाला आलेला लेखक विल्यम कॉबेट. १८३० साली निघालेल्या ‘रूरल राइड्स’ या पुस्तकातही तो आपल्या म्हणण्यावर ठाम आहे.

ब्रिटनमध्ये बिबट्या किंवा प्यूमा निसर्गतः राहत नाहीत. लिंक्सही तिथून कित्येक शतकांपूर्वी नाहीसा झाला. तरीही माळरानात मोठे, बहुधा काळे मांजर दिसल्याच्या बातम्या तिथे वारंवार येतात. १९६० च्या दशकात ‘सरेचा प्यूमा’ गाजला. १९८३ साली एक्समूर भागात मेंढ्या मरू लागल्या, तेव्हा रॉयल मरीन्सचे नेमबाज दबा धरून बसले. हाती काही लागले नाही.

या बातम्यांमागे एक खरे कारणही होते. १९७६ पूर्वी ब्रिटनमध्ये सिंहाचा बछडासुद्धा दुकानातून विकत घेता येई. त्या वर्षीच्या कायद्याने असे प्राणी पाळायला परवाना सक्तीचा झाला. तेव्हा काही मालकांनी आपले प्राणी गुपचूप सोडून दिले, असे म्हटले जाते. १९८० साली स्कॉटलंडमध्ये एक प्यूमा मादी खरोखरच पिंजऱ्यात सापडली. ती इतकी माणसाळलेली होती, की ती पाळीव असावी असेच अनुमान निघाले. म्हणजे अधूनमधून एखादा प्राणी सुटू शकतो. पण बिबट्याचे आयुष्य फार तर वीसएक वर्षांचे. सुटलेल्यांची वीण झाली नसेल, तर १९९५ च्या सुमारास त्यातले फारसे कोणी उरणार नाहीत. वीण झाली असेल, तर मात्र पिल्ले, विष्ठा, ठसे, रस्त्यावर मेलेली जनावरे अशा खुणा वाढतच जायला हव्यात.

१९९५ साली कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन माळरानावरच्या ‘श्वापदा’ची चौकशी ब्रिटनच्या कृषी खात्याने केली. शेतकऱ्यांच्या मेंढ्या खरोखर मरत होत्या, म्हणून तक्रार थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. तपासनिसांची एक रीत आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या जागी छायाचित्रे घेतली गेली होती, तिथेच जाऊन त्यांनी मोजपट्टीची काठी उभी केली. ‘श्वापद’ साध्या घरमांजराएवढे निघाले! जुलैमध्ये अहवाल आला. मोठे मांजर असल्याचा पडताळता येईल असा पुरावा मिळाला नाही. मात्र ते नाहीच, असेही सिद्ध करता येत नाही, असे त्यात म्हटले होते.

आणि आठवडाभरातच फोवी नदीत एका मुलाला मोठे सुळे असलेली कवटी सापडली. अहवाल खोटा ठरला, असे अनेकांना वाटले. कवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेली. ती बिबट्याचीच होती! पण तज्ज्ञ तिथे थांबले नाहीत. कवटीवर सुरीचे बारीक चरे होते. तिचा मागचा भाग कापलेला होता; मुंडक्यासकट कातड्याचा गालिचा करताना असे कापतात. आत एका झुरळाच्या अंड्यांची पिशवी सापडली, आणि ते झुरळ उष्ण प्रदेशातले होते. म्हणजे हा बिबट्या बॉडमिनवर कधी फिरलाच नव्हता. तो गालिचा होऊन ब्रिटनमध्ये आला होता.

इथे कोणी विचारील, बिबट्या लपण्यात पटाईत असतो. मग तो दिसला नाही यात नवल काय? याचे उत्तर आपल्याकडेच आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अकोल्याच्या परिसरात, दाट वस्तीत, उसाच्या शेतांतून बिबटे राहतात आणि क्वचितच दिसतात. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथे स्वयंचलित कॅमेरे लावले. दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचे त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. बिबट्या माणसाला चुकवतो, पण खुणा मागे ठेवतोच. ब्रिटनमध्ये खुणा अगदीच तुरळक आहेत. २०२४ साली कंब्रिया भागातल्या एका मेलेल्या मेंढीवर बिबट्या-वाघांच्या ‘पँथेरा’ प्रजातीचा डीएनए आढळल्याचे जाहीर झाले. एवढ्या एका नमुन्यावरून वस्ती सिद्ध होत नाही. पण तो तपासला गेला, हे योग्यच झाले.

डोळे का फसतात, हे शाळेच्या मैदानावर करून पाहता येईल. काळ्या पुठ्ठ्याची दोन मांजरे कापा, एक ३० सेंटिमीटर उंच, दुसरे ६०. लहान २० मीटरवर आणि मोठे ४० मीटरवर ठेवा. हात लांब करून पेन्सिलीवर दोघांची उंची मोजायला सांगा. दोन्ही सारखीच भरतील. अंतर ठाऊक नसेल, तर मांजराचा बिबट्या व्हायला वेळ लागत नाही.

कॉबेटने काय पाहिले, हे आता कळायला मार्ग नाही. त्या वेळी कोणी झाडापाशी जाऊन पाहिल्याची नोंद नाही. फोवी नदीतली कवटी मात्र सापडणाऱ्या मुलाच्या हातून संग्रहालयापर्यंत पोचली, म्हणून तिची खरी गोष्ट कळली. उद्या वर्गात एखादे मूल म्हणेल, ‘बाई, मी काल बिबट्या पाहिला.’ त्याला खोटे ठरवण्याआधी, आणि खरे मानण्याआधीही, विचारायला हवे: कुठे? किती लांबून? शेजारी काय होते? आणि त्या जागेवर ठसे, विष्ठा शोधायची झाली, तर वनखात्याच्या माणसांना बोलवायला हवे.