‘बाळमित्र’ ते ‘आनंद’

मुलांच्या मराठी मासिकांची हकीकत एका पुस्तकापासून सुरू करावी लागते. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या ‘बाळमित्र’चा पहिला भाग १८२८ साली निघाला. तो इंग्रजीवरून केलेला अनुवाद. परंतु मूळ लेखन आर्नो बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे, आणि ते १७८२-८३ या दोन वर्षांत दरमहा प्रसिद्ध झालेले. म्हणजे आपल्याकडे मासिकाआधी मासिकातला मजकूर येऊन पोहोचला! सोबत एक साचाही आला : मूल चुकते, फळ भोगते, वडीलधारी समजावतात, मूल सुधारते.

पुढे १८७०च्या दशकात अमेरिकन मिशनऱ्यांचा ‘बालबोधमेवा’ निघाला. त्यातली नीती धर्मप्रसाराला जोडलेली होती, हे ओघानेच आले.

खरा पल्ला गाठला तो विनायक कोंडदेव ओक यांनी. शिक्षणखात्यातला हा माणूस. १८८१ साली त्यांनी ‘बालबोध’ सुरू केले आणि १९१४ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. दरमहा एक याप्रमाणे ४०२ चरित्रे, तितक्याच कविता, तितकेच निबंध आणि शास्त्रीय विषयांवरचे तितकेच लेख! उपदेश ओकांनाही हवाच होता. पण ‘उद्योगी व्हा’ हे वाक्य मुलांना किती वेळा ऐकवणार? (पालकसभेत बोलणाऱ्या आम्हा मुख्याध्यापकांना हे पुरते ठाऊक आहे.) ओकांनी त्याऐवजी माणसे दाखवली, आणि तीही सोप्या भाषेत. मला त्यांची थोरवी उपदेशापेक्षा या भाषेत वाटते.

वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली मासिक काढले, त्याचे नाव ‘आनंद’. बोध गेला नाही. पण पाटीवर आता दुसराच शब्द आला. हेच आपटे पुढे ‘शब्दरत्नाकर’ कोशाचे कर्ते झाले.

मागच्या वर्षी आठवीच्या तासाला मी एक जुन्या वळणाची गोष्ट वाचत होतो. निम्म्यावर आलो तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आता तो पोरगा पस्तावणार!” वर्ग हसला, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट नेली आणि शेवट न वाचताच पुस्तक मिटले. मग जे भांडण जुंपले ते मराठीत. दोघे-तिघे मध्येच कन्नडवर घसरत होते. त्यांना अडलेले शब्द बाकीची मुलेच पुरवत होती.