कमी कर्बोदकांच्या आहारात साखरेचे पर्याय : निवड कशी करावी?

रायपूर : छत्तीसगड राज्य ‘धान का कटोरा’ म्हणजेच भाताचे कोठार म्हणून ओळखले जाते. राजधानी रायपूरमध्ये अनेक पिढ्यांपासून स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांच्या ताटातही भाताला मानाचे स्थान आहे. पोळ्याच्या सणाला येथे पुरणपोळी होते, तशीच छत्तीसगढी ठेठरी आणि खुरमीही होते. तांदळाच्या पिठाचा व गुळाचा ‘अइरसा’ तर मराठी अनारशाचा सख्खा भाऊच म्हणावा लागेल. अशा घरात मधुमेहामुळे वा वाढत्या वजनामुळे कर्बोदके कमी करण्याचा सल्ला मिळाला, की पहिला प्रश्न उभा राहतो तो गोडाचा.

हा प्रश्न थोड्या लोकांपुरता नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असून सुमारे १३ कोटी ६० लाख व्यक्ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत.

प्रथम ताटाचा हिशेब

एका चमच्यात साधारणतः ५ ग्रॅम साखर मावते. दिवसाकाठी दोन चमचे साखरेचे चार कप चहा घेतल्यास ४० ग्रॅम साखर पोटात जाते. याउलट १०० ग्रॅम कच्च्या तांदळाच्या भातातून सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके मिळतात. म्हणजेच चहातील साखर पूर्णपणे बंद केली आणि भात तेवढाच ठेवला, तर मोठा वाटा कायमच राहतो. साखरेचा पर्याय निवडण्यापूर्वी हा हिशेब ध्यानात घेणे आवश्यक आहे.

पर्यायांचे तीन गट

पहिल्या गटात गूळ, मध, खडीसाखर आणि खजूर हे पदार्थ येतात. कबीरधाम जिल्ह्यातील ऊसपट्ट्यातून येणारा गूळ असो वा कोल्हापूरचा, त्यात मुख्यत्वे साखरच असते. गुळातील लोह व अन्य खनिजांचे प्रमाण अल्प असून रक्तशर्करा वाढविण्याचा त्याचा गुण साखरेसारखाच आहे. त्यामुळे कमी कर्बोदकांच्या आहारात हे पदार्थ पर्याय ठरत नाहीत.

दुसऱ्या गटात अत्यल्प मात्रेत तीव्र गोडी देणारे पदार्थ आहेत. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट, स्टेव्हियाच्या पानांपासून काढलेला शुद्ध अर्क २०० ते ३०० पट, तर सुक्रालोज सुमारे ६०० पट गोड असते. १८७९ मध्ये शोध लागलेले सॅकरिन या गटातील सर्वांत जुने होय. या पदार्थांमुळे रक्तशर्करा थेट वाढत नाही. स्टेव्हियाच्या अर्काला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१५ मध्ये मान्यता दिली.

तिसरा गट शर्करा-अल्कोहोलांचा. नावात अल्कोहोल असले तरी त्यांनी नशा येत नाही. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के असून त्यातून जवळजवळ उष्मांक मिळत नाहीत. झायलिटॉल साखरेइतकेच गोड असते. बिस्किटे व चॉकलेटात वापरले जाणारे माल्टिटॉल मात्र रक्तशर्करा काही प्रमाणात वाढविते. हे पदार्थ अधिक घेतल्यास पोट फुगणे वा जुलाब होणे संभवते.

स्वयंपाकघरातील उपयोग

ॲस्पार्टेमची गोडी उष्णतेने कमी होते. म्हणून ते उकळत्या खिरीत न घालता पदार्थ उतरविल्यावर घालावे. सुक्रालोज व स्टेव्हिया चहा, खीर यांच्या उष्णतेत टिकतात. परंतु तळणीच्या वा भट्टीच्या प्रखर उष्णतेसाठी सुक्रालोज वापरणे टाळलेले बरे. अनारसा वा अइरसा यांना गुळामुळे केवळ गोडीच नव्हे, तर बांधणी आणि जाळीही मिळते. पाकाचे काम चिमूटभर अर्काने होत नाही. असे पदार्थ सणापुरते, एखादाच नग घेऊन, त्या जेवणातील भात कमी करणे हा अधिक व्यवहार्य मार्ग होय.

वेष्टनावरील मजकूर

‘शुगर फ्री’ या शब्दांचा अर्थ १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक साखर नाही, इतकाच आहे. त्या पदार्थात मैदा असू शकतो आणि मैदाही कर्बोदकच आहे. ‘साखर मिसळलेली नाही’ असे लिहिलेल्या फळांच्या रसात फळांची स्वतःची साखर असतेच. गोडीच्या पुड्यांमध्ये भरणी म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन वा डेक्स्ट्रोज मिसळले असल्यास त्यातूनही कर्बोदके मिळतात. म्हणून दर्शनी भागापेक्षा मागील बाजूवरील एकूण कर्बोदकांचा आकडा पाहावा.

सुरक्षिततेविषयी

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनेनुसार केवळ वजन आटोक्यात ठेवण्यासाठी दुसऱ्या गटातील पदार्थांचा वापर करू नये. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, अशा व्यक्तींना ही सूचना लागू नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲस्पार्टेमची नोंद ‘संभवतः कर्करोगकारक’ या वर्गात करण्यात आली. मात्र दररोज प्रतिकिलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही मर्यादा तज्ज्ञ समितीने कायम ठेवली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती २४०० मिलिग्रॅम होते. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना ॲस्पार्टेम वर्ज्य आहे.

रक्तातील एरिथ्रिटॉलचे अधिक प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध २०२३ मधील एका अभ्यासात आढळला. त्यातून कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. तरीही हृदयरुग्णांनी याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दोन महत्त्वाच्या दक्षता

इन्सुलिन वा रक्तशर्करा उतरविणारी काही औषधे घेणाऱ्याने औषधाची मात्रा न बदलता अचानक भात-पोळी कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी साखरेचा कोणताही पर्याय उपयोगी पडत नाही. रुग्ण शुद्धीवर असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. अकार्बोज वा व्होग्लिबोज घेणाऱ्यांना ग्लुकोजच द्यावे. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. म्हणून साखर सोडलेल्या घरातही ग्लुकोजची पुडी असणे अगत्याचे आहे.

दुसरी दक्षता छत्तीसगड व विदर्भासाठी विशेष महत्त्वाची आहे. या भागात सिकलसेल या रक्तविकाराचे प्रमाण अधिक आहे. या विकारात तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारी ‘एचबीए१सी’ चाचणी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. आहार लागू पडल्याचा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. सिकलसेलग्रस्तांनी तसेच त्याच्या वाहकांनी ही बाब डॉक्टरांना सांगावी आणि बोटातील रक्ताच्या नियमित तपासणीची जोड द्यावी.

थोडक्यात, चहासाठी स्टेव्हिया वा सुक्रालोज अल्प प्रमाणात पुरेसे आहे. मात्र गोडीची सवयच हळूहळू कमी करणे आणि भाताची वाटी मोजून घेणे, हे कोणत्याही पर्यायापेक्षा अधिक लाभदायक ठरते.